पावाची कड

पायमोजा सापडेना म्हणून तिने डिंक्याच्या उंच खुर्चीवरची गादी उचलली, तर खाली पायमोजा नव्हता, पावाची एक कड होती. बोटभर लांब, भाजलेली, कधीतरी लाळेत भिजून पुन्हा खडखडीत वाळलेली. टाकून द्यावी म्हणून तिने ती चिमटीत धरली आणि खिडकीच्या उजेडात आली, तशी तिची बोटं जागच्या जागी थबकली. कडेचं एक टोक तुटलेलं नव्हतं, चावलेलं होतं. खालच्या दोन दातांच्या दोन खाचा, शाळेच्या बाकावर खेटून बसलेल्या मैत्रिणींसारख्या; आणि वरून एकाच दाताची तिसरी खाच, जराशी तिरकी, हाक ऐकून मान वळवल्यासारखी. असे दात जगात एकाच तोंडात होते. ते तोंड आत्ता बेसिनपाशी त्याच्या आजीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, खांद्यावर टेकलेलं होतं आणि आजी त्याच्या हनुवटीवरचं गाजर पुसत होती. पाचच मिनिटांपूर्वी याच तोंडाने उकडलेल्या गाजराची फोड, दोन बोटांत दाबली तर लोण्यासारखी पसरावी अशी फोड, आत पोचते न पोचते तोच बाहेर लोटली होती. जीभ लांब, मान लालबुंद, डोळ्यांत टचकन पाणी, पोट पाठीला लागेल असा उमासा, आणि मग सगळं लाळेरं केशरी. रोजचंच. रोजच्यासारखंच तिच्याही घशाशी काहीतरी आलं होतं आणि ती म्हणाली होती, "राहू दे, राहू दे रे राजा." आणि आता हातात ही कड. चावलेला तुकडा गादीखाली नव्हता, खुर्चीच्या फटीत नव्हता. तो कुठे गेला हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"सापडला का गं?" आईने तिकडून विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि कड जाकिटाच्या खिशात टाकली. विचारायचं सोडून आपण ती लपवली का, हे तिचं तिलाच कळलं नाही. चोरी दुसऱ्याची आणि धडधड आपल्या छातीत, असं काहीतरी झालं.

मग रोजचा खेळ. आईने डिंक्याला पुन्हा खुर्चीत बसवलं, तोंड खिडकीकडे, पाठ दाराकडे. वाटीत घोटलेलं केळं, गुठळी नावालाही नसलेलं. पहिला चमचा तिचा. तो तिने भरवायचा, त्याचे ओठ मिटले की चमचा आईच्या हाती सोपवायचा, आणि बूट हातात घेऊन मोज्यांच्या पायांनी दार गाठायचं. दाराची कडी वाजायची म्हणून तिने स्वतः तेल घालून तिला गप्प केलं होतं. ती कामावर परत जायला लागली त्या आठवड्यात आईनेच हे सगळं बसवून दिलं होतं. "घास तोंडात असला की मूल गुंततं. तेवढ्यात सटकायचं. वळून बघायचं नाही, बघितलंस की संपलं." मागे आईचा आवाज सुरू व्हायचा, मधल्या सुरावर किंचित फाटणारा, तिच्या लहानपणापासून तसाच:

घास बाई घास, मऊ मऊ सायीचा
हात माझ्या आईचा, ओठापाशी

गाणं दुसऱ्यांदा फिरायच्या आत ती जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत असायची. डिंक्या हे नाव त्याच्या बापाने ठेवलं होतं. जन्मल्यावर पहिल्या तासात त्याने तिचं बोट असं धरलं की नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं. बाप म्हणाला, हा मुलगा नाही, डिंक आहे. आणि त्या डिंकातून रोज सकाळी एक चमचा केळ्याच्या मोबदल्यात ती स्वतःला सोडवून घ्यायची.

रस्ता ओला होता, कुणीतरी दुकानापुढचा फूटपाथ धुतला होता. ती चालत होती आणि खिशात बोटं कड चाचपत होती, खाचांवरून नख फिरत होतं: एक, दोन, आणि ती तिरकी. घोटलेलं केळं, घोटलेला बटाटा, घोटलेला भोपळा. त्यानंतर बोटाने धरून खायचं काही द्यायला लागा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्याला किती महिने झाले. पहिल्या दिवशी बटाट्याची बोटाएवढी फोड. त्याने ती तोंडात घातली, चेहरा आश्चर्याने गोल झाला, आणि मग तो पहिला उमासा. तिने किंचाळून त्याला खुर्चीतून उपसून उलटा केला होता, पाठीत धपके घातले होते. बटाटा केव्हाच जमिनीवर पडला होता आणि तो घाबरला होता तो तिच्या किंकाळीने. डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. "काही मुलांचा घसा हळवा असतो. उमासा म्हणजे अडकणं नव्हे. खोकतोय, लाल होतोय, आवाज येतोय, तर हात मागे घ्यायचे आणि शांत बसायचं. आवाज बंद झाला तर धावायचं. आवाज येतोय तोवर वाट मोकळी आहे." ती शांत बसायला शिकली होती. बाहेरून. समोर बसून त्याच्या तोंडात बघत, जीभ कशी उचलली जाते, फोड कुठे सरकते, मागच्या मऊ भागाला कुठे टेकते, हे सगळं ती बघायची आणि तिचा स्वतःचा गळा आतून मुठीसारखा मिटायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. नवऱ्याने खांदे दाबून द्यावेत आणि म्हणावं, "शिकेल गं. आमच्याकडेही लिफ्ट कधीकधी मजल्याच्या मधेच थांबते, आतली माणसं काय मरत नाहीत." तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याच्या सगळ्या उपमा त्याच विहिरीतून यायच्या. ती हसायची. तो तिच्या खांद्यांवर अंगठे फिरवायचा. त्या अंगठ्यांना ठाऊक होतं का? खिशातल्या कडेवर तिचं नख थांबलं. दुपारी जेवायला तो घरी येतो. बहुतेक रोज येतो.

तिच्या कामाच्या जागी कवळ्या बनत. दोन लांब खोल्या, एकीत प्लास्टर आणि मेण, दुसरीत घासकाम. हवेत सतत एक पांढरी धूळ, पापण्यांवर बसणारी, चहात उतरणारी. मालकाला सगळे पाठीमागे अक्कलदाढ म्हणत, कारण तो सगळ्यांत उशिरा उगवायचा आणि उगवला की दुखवायचा. शहरभरच्या दवाखान्यांतून मापं यायची, गुलाबी रबरासारख्या लगद्यात उमटलेली तोंडं. ती त्यांत प्लास्टर ओतायची, थरथरत्या पाटावर ठेवून बुडबुडे काढायची, आणि घट्ट झालं की लगदा सोलून काढायची. हातात एक तोंड. नाव नाही, चेहरा नाही, चिठ्ठीवर फक्त आकडा. तरी तिला माणसं कळायची. दात खाऊन झोपणारे, पेन चावणारे, एका बाजूनेच जेवणारे. आणि उमाशाची माणसं तर दुरून कळायची. मापाचा साचा तोंडात असताना ज्याला ओकारी येते, त्याच्या मापाच्या मागच्या कडेला एक लाट असते, टाळूने अंग काढून घेतल्याची. लगदा तेवढ्यातच घट्ट होतो आणि तो नकार तसाच धरून ठेवतो. नवीन मुली अशी मापं नापास करून परत पाठवत. ती आधी जरा वेळ हातात धरायची. आपल्या मुलाचं तोंड आतून कसं असेल ते तिला या लाटांवरून ठाऊक झालंय, असं तिला वाटायचं. आणि त्यात एक विचित्र अभिमानही होता, की जगात दुसरं कुणी त्याला इतकं आतून ओळखत नाही.

तिने दिव्याखाली कड ठेवली. भिंग ओढलं. तोंडातून काढून घेतलेला, चघळून चघळून झिजलेला तुकडा वेगळा दिसतो, कडा गोल, पिठूळ. हा तसा नव्हता. दात बसले होते, दाबले गेले होते, आणि मग मनगटाने कड बाहेर ओढली होती. तंतू एका दिशेने वाकले होते. सफाईने. सवयीने. पहिल्यांदा चावणारं मूल असं चावत नाही.

"उंदीर झालेत का घरात?" मागून पॉलिशवाली डोकावली. हाताला पांढऱ्या पुडीचे मोजे, कपाळावर चष्मा.

"माझ्या मुलाचं आहे."

"अगं बाई! मग पार्टी कुठाय? परवा तर रडत होतीस, काही गिळत नाही म्हणून. काय ऐटीत चावलंय बघ. कुणी खायला शिकवलं?"

"कुणीतरी," ती म्हणाली.

पॉलिशवालीने तिच्याकडे बघितलं, काहीतरी विनोद ओठावर आला होता तो मागे घेतला, आणि गेली. यंत्राचा घुर्र आवाज पुन्हा सुरू झाला. तिने समोरच्या मेणात एक दात बसवला, काढला, पुन्हा बसवला. कुणी खायला शिकवलं. तोंडात नकळत पाव आला. भाजलेला नाही, मऊ, त्यावर लोणी आणि लोण्यावर साखर. ही चव तिने कधी बोलावली नव्हती, ती आपली आपण यायची, वर्षातून एकदोनदा. मावशीच्या घरची एक गॅलरी, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेला कठडा, कठड्याच्या गजांतून खाली दिसणारा रस्ता. ती शाळेतसुद्धा जात नव्हती तेव्हा. बाबा जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि घरात सगळे तिच्याशी फार गोड बोलत होते. आईने तिला गॅलरीत मांडीवर घेतलं होतं, पावाला लोणी लावलं, वर साखर भुरभुरवली, म्हणाली, आ कर. मोठा घास. साखर दातांखाली कचकन. आईने तिचे ओठ पदराने टिपले आणि म्हणाली, "चाव हं नीट. मी पाणी घेऊन येते." पाणी आलं नाही. ती चावायची थांबली. पाणी आल्याशिवाय गिळायचं कसं? घास गालात ठेवून ती दाराकडे बघत बसली. साखर विरघळली, लोणी विरघळलं, पावाचा लगदा झाला. ऊन कठड्यावरून उतरून फरशीवर आलं आणि फरशीवरून निघूनही गेलं. शेवटी मावशीने तिच्या तोंडात बोट घालून तो लगदा काढला तेव्हा तिला पहिल्यांदा उमासा आला. आई दूरच्या शहरात कामाला लागली होती. परत न्यायला आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायला लागले होते. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं होतं काय? आई कामाला गेली, आईने पैसे पाठवले, आई आली. सगळं सरळच होतं. फक्त लोणी-साखर लावलेला पाव ती खात नसे, आणि त्याला आई म्हणायची, "हिचे नखरे."

मेणातला दात तिसऱ्यांदा तिरका बसला तेव्हा तिने कड पुन्हा खिशात टाकली आणि एप्रन काढला. अक्कलदाढ नुकताच उगवला होता. "संध्याकाळच्या वरच्या कवळीचं काय? म्हातारा उद्या नातीच्या लग्नात हसणार आहे म्हणे."

"हसवते त्याला. तासाभरात येते."

जिने चढताना तिने बूट वाजू दिले नाहीत. का, ते तिला ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटत होती. किल्ली फिरली. तेल घातलेली कडी नेहमीसारखी गप्प राहिली. आज ती तिच्याच बाजूने गप्प होती. पॅसेजमधून स्वयंपाकघराचं अर्धं टेबल दिसत होतं. नवरा बसला होता, गणवेशाची वरची बटणं सोडलेली, ताट अर्धं संपलेलं. आई ओट्याला टेकून चहा पीत होती आणि तिचं डिंक्याकडे लक्षसुद्धा नव्हतं, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत ती आपल्याशीच गुणगुणत होती, "हात माझ्या आईचा, ओठापाशी." आणि डिंक्या जेवत होता. सकाळी खिडकीकडे असलेली खुर्ची आता टेबलाकडे वळवलेली होती. त्याच्या मुठीत पावाची कड होती. त्याने ती बाजूने तोंडात घातली, दाबली, मनगट खाली ओढलं, आणि चावायला लागला. जबडा गोल फिरत होता, गाल एकदा इकडे एकदा तिकडे, भुवया कामात असलेल्या माणसासारख्या आकसलेल्या. "पहिला मजला," नवरा त्याच्या घशाकडे बोट दाखवून म्हणाला, "दुसरा मजला... आणि दार उघडा!" डिंक्याने गिळलं आणि खदखदून हसला. हिरड्या, दोन दात, एक तिरका.

क्षणभर तिला नुसता आनंद झाला. तो इतका सुंदर चावत होता. तो आनंद आला आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच वाटेने, दुसरं काहीतरी आलं आणि आनंदाला ढकलून आत बसलं. तिच्या माघारी या घरात रोज दुपारी एक दुसरं घर भरत होतं, त्या घरात कुणी घाबरत नव्हतं, कुणाचा गळा मिटत नव्हता, मूल हसत होतं. आणि संध्याकाळी ती यायच्या आत ते घर उचलून, पुसून, गादीखाली सारून ठेवलं जात होतं.

मग त्याने तिला बघितलं. आधी त्याचा चेहरा उजळला, दोन्ही हात वर झाले. तोंडात पुढचा घास होता. हात वरच राहिले. घास गालात थांबला. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचं पोट आत गेलं, मान लाल झाली, जीभ लांब, आणि पाव खुर्चीच्या फळीवर पडला.

"अगं, तू? एवढ्यात?" नवरा उठता उठता परत बसला.

"चालू दे ना," ती म्हणाली. "पोचली का लिफ्ट?"

आईने कप खाली ठेवला. "बूट काढ आधी, बस. सांगते."

"किती दिवस चाललंय?"

"अगं बस तरी..."

"किती दिवस, आई?"

"झाले असतील. वरचा दात आला तेव्हापासून."

वरचा दात. तो दात तिने बोटाने शोधला होता, आरडाओरडा करून दोघांना बोलावलं होतं. ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू?"

"मी परवा सांगणारच होतो."

"परवा तू माझे खांदे दाबत होतास."

तो ताटातलं उरलेलं बोटाने एका कडेला सारत राहिला. चांगला माणूस होता तो. कुणी अंधारात दोन मजल्यांमध्ये अडकलं तर वरून बोलत राहायचं, येतोय येतोय म्हणत राहायचं, हीच त्याची नोकरी होती. तिच्याशीही तो तसंच वरून बोलत राहिला होता.

"त्याला नको बोलूस," आई म्हणाली. "मीच सांगितलं होतं, म्हटलं गप्प बसा जावईबापू. तू एवढी जीव तोडून करतेस. मनात होतं, पहिल्यांदा त्याने तुझ्याच हातून खावं. आज ना उद्या खाल्लंच असतं. मग आम्ही काय, टाळ्या वाजवल्या असत्या."

"म्हणजे टाळ्यासुद्धा ठरल्या होत्या."

"असं वाकडं नको बोलूस. कुणी तुझं वाईट केलंय का? पोर जेवतंय ना पोटभर?"

हेच तर होतं. पोर जेवत होतं. यात ओरडायला जागाच नव्हती. सगळं तिच्यासाठी होतं, सगळं मायेने, मऊ, गुठळी म्हणून नसलेलं, आणि ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिने खुर्ची ओढली आणि डिंक्यासमोर बसली. पावाची नवी कड उचलून त्याच्या मुठीत दिली. "खा." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. त्याने कड घेतली, तिच्या तोंडाकडे बघितलं, ओठ लावले.

"अशी झडती नको घेऊस गं त्याच्या तोंडाची," मागून आई म्हणाली. "पोलिसासारखी बघतेस आत. बिचाऱ्याचा घास कसा उतरेल?"

त्या वाक्याने ती चिडून वर बघायला गेली आणि वर बघता बघता तिची नजर त्याच्या तोंडावरून सुटून त्याच्या डोळ्यांवर गेली. इतक्या महिन्यांत घास भरवताना पहिल्यांदा. तिच्या कामात तोंडं डोळ्यांशिवाय येत. ती खाचा वाचायला शिकली होती, लाटा वाचायला शिकली होती, आणि घरी येऊन तेच वाचत बसली होती. त्याचे डोळे कडेकडे नव्हते. तिच्याकडेही नव्हते. दात पावात रुतले, तुकडा सुटला, आणि तो सुटताच डोळे तिच्या खांद्यावरून मागे गेले, दाराकडे. मग खाली, तिच्या पायांतल्या बुटांकडे. पुन्हा दाराकडे. घास गालात. तो चावत नव्हता; वाट बघत होता. आणि वाट बघून संपली तेव्हा उमासा आला.

तुकडा तिच्या तळहातावर पडला, कोमट. तिने मूठ मिटली नाही. अगदी सुरुवातीची एक सकाळ तिला आठवली: ती दारात, बूट हातात, आणि मागे त्याचा उमासा, ती बूट टाकून धावत परत आली होती आणि त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती, दिवसभर त्याला कडेवर घेऊन फिरली होती. त्याने काय शिकावं मग? आई गेल्यावर जेवायला काहीच हरकत नसते. जायची ती गेलेली असते. आईच्या हातचा घास हाच तेवढा धोक्याचा. तो गिळला की दार.

"तू पाणी आणते म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"काय?"

"मावशीकडे. गॅलरीत. चाव नीट, मी पाणी घेऊन येते."

आईचा हात ओट्यावरच्या फडक्यावर होता, तो तिथेच राहिला. नवऱ्याने ताट उचललं, पुन्हा ठेवलं. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर कपडे फडफडत होते.

"तू एवढीशी होतीस," आई म्हणाली. "तुला कसं आठवतं?"

"मला घास आठवतो."

"मग काय करायला हवं होतं मी?" आईचा आवाज वर गेला आणि मधल्या सुरावर, गाण्यात फाटायचा तिथेच, फाटला. "रडवून जायला हवं होतं तुला? गळ्यात पडून रडली असतीस, ते चाललं असतं?"

"हो."

"अगं, तू रडली असतीस तर मी गेलेच नसते." आईने फडकं उचललं आणि कोरडाच ओटा पुसायला घेतला. "माझ्याच्याने झालंच नसतं. मग खाल्लं काय असतं आपण?"

हे खरं होतं. ते खरं होतं याने काहीसुद्धा कमी झालं नाही. तिला वाटलं होतं की विचारलं तर आतलं काहीतरी सुटेल. ते सुटलं नाही, फक्त आता त्याला वाटेकरी वाढले होते. ती कठड्यापाशी गालात घास धरून बसली होती आणि तिच्या शेजारी डिंक्या बसला होता, आणि समोरच्या दारातून जी बाई हलक्या पावलांनी निघून जात होती तिचे बूट हिच्याच मापाचे होते.

म्हाताऱ्याची वरची कवळी मेणात वाट बघत होती. तिने बूट काढले. आईने सुटकेचा श्वास टाकला, "बस, चहा टाकते." पण ती डिंक्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली, दोन्ही बूट त्याला दिसतील असे पुढ्यात ठेवले, आणि एकेक करून पुन्हा घातले. सावकाश. नाडी ओढली, गाठ मारली. तो वाकून बघत होता. त्याचे ओठ अलग झालेले, जिभेवर काही नव्हतं. तिने बोट न घालता नीट बघून घेतलं. मग डोळ्यांत बघितलं.

"मी चालले," ती म्हणाली. "कामाला चालले. संध्याकाळी येते."

त्याला शब्द कळले नसतील, गाठ कळली. खालचा ओठ पुढे आला, थरथरला.

"अगं, काय हे! रडवतेस काय मुद्दाम!" आई पुढे झाली, हातात वाटी, चमचा. "एक घास देते, तेवढ्यात नीघ..."

"घास नको देऊस. रडू दे. रडून झालं की दे."

"दुष्ट आहेस."

"असू दे."

नवऱ्याने हळूच आईच्या हातातली वाटी घेतली आणि टेबलावर ठेवली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी त्याला खांद्यांना हात लावू देणार नव्हती ती, उद्याही नाही. त्यापुढचं तिला माहीत नव्हतं. तिने डिंक्याच्या केसांवर ओठ टेकले, पावाचा आणि लाळेचा वास आला, आणि त्याच्या समोरून, त्याच्याकडे तोंड करून, दारापर्यंत गेली. दार उघडलं. तो फुटला. मूठ फळीवर आपटत, कड घट्ट धरून, जबडा सताड उघडून तो रडायला लागला. आत सगळं दिसत होतं, दोन दात, एक तिरका, वर आलेली जीभ, थरथरणारी पडजीभ, आणि मागे काळोखी उघडी वाट. "येते," ती म्हणाली, आणि दार लावलं, जोरात, ऐकू जाईल असं.

जिना. तिने बूट वाजवत उतरायचं ठरवलं होतं आणि ते वाजत होते. मागून रडणं येत होतं, भिंतींवर आपटून मोठं होत. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून बघितलं आणि लावलं. पहिल्या वळणावर तिचे स्वतःचे डोळे भरून आले आणि तिने कठडा धरला. लोखंडी, थंड, रंगाचे पोपडे सुटलेला. दुसऱ्या वळणावर रडणं एकदम थांबलं.

ती थांबली. एक पाय हवेत. जिन्यात काहीच नव्हतं, खालच्या नळाचं टपटपसुद्धा नाही. वर धावायला तिचं सगळं अंग वळलं होतं, फक्त कठड्यावरचा हात तेवढा सुटायचा होता. आणि तेवढ्यात वर एक लांब, खोल, तुटक श्वास ओढला गेला आणि तो पुन्हा रडायला लागला, आधीपेक्षा मोठ्याने, रागाने, भरल्या आवाजात.

आवाज येत होता. तिने पाय खालच्या पायरीवर टेकवला. खिशातली कड चाचपली, ती होती. रस्त्यावर आली तरी आवाज येत होता, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत येत होता, आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत ती हळूहळू चालली.